भांडणाचं स्पेलिंग

आमच्या घरात भांडणं होत नाहीत, असं मी गेली चाळीस वर्षं चारचौघांत अभिमानानं सांगत आलो आहे. आमच्या सौभाग्यवतीचं म्हणणं थोडं निराळं आहे. ती म्हणते, "होतात की! तुम्ही तेव्हा पेपर वाचत असता."

हा मुद्दा आमच्यात अजून अनिर्णित आहे. म्हणजे ती तो मांडते आणि मी पेपर वाचतो.

परवा असाच पेपर वाचत बसलो असताना आमचा नातू वही घेऊन आला. तो तिसरीत आहे आणि अर्थातच इंग्रजी शाळेत आहे. पाच शब्द दिले होते, त्यांचा वाक्यात उपयोग करायचा होता.

"आजोबा, क्वॉरल म्हणजे काय?"

"भांडण," मी पेपरामागूनच म्हणालो.

"स्पेलिंग?"

आता मात्र पेपर खाली ठेवणं भाग होतं. स्पेलिंग ही आमच्या पिढीची इस्टेट आहे. दुसरी फारशी नसल्यामुळे तिला आम्ही जपतो. वाईच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवायला जे मास्तर होते ते म्हणत, "क्यू म्हणजे गावचा सावकार आणि यू म्हणजे त्याच्यामागं छत्री धरून चालणारा गडी. सावकार कधी एकटा दिसतो का रे?" हे वाक्य छडीसकट पाठ असल्यामुळे मी डोळे मिटून म्हणालो, "क्यू, यू, ए, आर, आर, ई, एल."

नातवानं लिहून घेतलं. मग त्यानं शब्दाकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, यात यू आहे. पण आय नाहीच."

तो बिचारा अक्षरांबद्दल बोलत होता. पण मी चाट पडलो. सत्तर वर्षांत ऐकलेली यच्चयावत भांडणं माझ्या कानाशी गोळा झाली. चाळीतल्या नळावरची, रेशनच्या रांगेतली, एसटीच्या खिडकीजवळच्या जागेवरची, थेट आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतली. सगळ्यांची सुरुवात एकच : "तुम्ही आधी..." भांडणात 'यू' सुरुवातीलाच हजर असतो, आणि 'आय' शेवटपर्यंत सापडत नाही. मोठमोठ्या तत्त्वज्ञांना जे ग्रंथ लिहून सांगता आलं नाही ते इंग्रजांनी एका स्पेलिंगात बसवलं होतं, आणि ते आमच्या घरात तिसरीतल्या पोराला दिसलं होतं. पोरगं घराण्याचं नाव काढणार, याबद्दल माझी खात्री झाली.

दुसऱ्या दिवशी वही तपासून आली. वाक्यापुढे बाईंनी लाल शाईनं चांदणी काढली होती आणि 'व्हेरी गुड' लिहिलं होतं. इंग्रजीत वाक्य होतं, त्याचा अर्थ असा : माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ कधीही भांडत नाहीत.

नातवानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. सौ. भाजी निवडत होती. तिनं ऐकलं, काही बोलली नाही, भाजीची परात उचलून आत गेली. आमची ही काही बोलत नाही तेव्हा मला पेपरसुद्धा वाचता येत नाही.

वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं. अर्थाच्या दृष्टीनंही अक्षरशः खरं होतं. माझं आणि दादाचं भांडण होतच नाही. कारण चौदा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलोच नाही.

आता इथवर आलोच आहे तर झोपाळ्याची हकीगत सांगून टाकतो. बाबा गेले तेव्हा वाईचं घर आणि बँकेतल्या ठेवी यांची वाटणी वकिलाच्या कचेरीत अर्ध्या तासात उरकली. घर दादाला, कारण तो तिथं राहिला आणि त्यानं बाबांचं सगळं केलं. ठेवींतला मोठा हिस्सा मला. समोरचा चहासुद्धा निवला नव्हता. वकीलसाहेब म्हणाले, "अशी भावंडं हल्ली बघायला मिळत नाहीत हो!" ते आणखी एक तास आमच्याबरोबर घरी आले असते तर त्यांना बघायला मिळाली असती.

कारण घरी आल्यावर माजघरातल्या झोपाळ्याचा विषय निघाला. सागवानी फळी आणि पितळी कड्या. मी म्हणालो, तो बाबांची आठवण म्हणून मला हवा. दादा म्हणाला, तो या घराचा आहे. बस्स, एवढंच. पण एवढ्यावरून जे वाढत गेलं त्याचा शेवट असा झाला की फळी त्याच्याकडे राहिली आणि कड्या काढून मी कापडी पिशवीतून पुण्याला आणल्या. एसटीत पिशवी खाली ठेवताना जो आवाज झाला त्यावरून कंडक्टरनं विचारलं, "काका, देवळातली घंटा काढून आणली की काय?" तेव्हापासून त्याच्या माळ्यावर नुसती फळी आणि माझ्या माळ्यावर नुसत्या कड्या. अशा झोपाळ्यावर फक्त अहंकारच झोके घेऊ शकतो, आणि तो चौदा वर्षं घेत होता.

त्या रात्री झोप येईना. निवृत्त माणसाला झोप आली नाही तर तो एक तर देवाचं नाव घेतो किंवा शब्दकोश काढतो. मी वाईचा. विश्वकोशाचं काम जिथं चाललं त्या गावचा. मी शब्दकोश काढला.

माझी समजूत अशी होती की 'क्वॉरल'चं 'क्वेरी'शी काहीतरी नातं असणार. चौतीस वर्षं बँकेत काढल्यावर दुसरी समजूत होणं शक्यच नव्हतं. ऑडिटरची क्वेरी आली की तिच्यातून क्वॉरल निघालाच. पण नाही. 'क्वेरी' निघाली विचारणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून. 'क्वॉरल'चं कुळ निराळं. तो आला 'क्वेरेला' या लॅटिन शब्दातून, आणि क्वेरेला म्हणजे भांडण नव्हेच. क्वेरेला म्हणजे गाऱ्हाणं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. भांडणाच्या मुळाशी गाऱ्हाणं! रोमन लोक हा शब्द दुःखाच्या कण्हण्याला वापरीत, पक्ष्यांच्या करुण आवाजाला वापरीत. व्हर्जिल या त्यांच्या महाकवीनं तर पाऊस येण्याआधी चिखलात ओरडणाऱ्या बेडकांच्या आवाजालाही हाच शब्द योजला आहे. बेडकांचं जुनंच गाऱ्हाणं, असं तो म्हणतो. व्हर्जिल आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला आला नव्हता, हे लक्षात घेतलं तर त्याच्या प्रतिभेची कमालच म्हटली पाहिजे.

पण पुढे वाचताना हसू थांबलं. रोमन कायद्यात या क्वेरेलाचा एक खास दावा होता. बापानं मृत्युपत्रातून मुलाला विनाकारण वगळलं, तर मुलाला कोर्टात उभं राहून गाऱ्हाणं मांडता येत असे : हे मृत्युपत्र बापाच्या कर्तव्याला धरून नाही. आता मेलेल्या बापाला दोषी कसं ठरवायचं? रोमन वकील मोठे धोरणी. ते म्हणत, मृत्युपत्र करताना वडिलांचं चित्त ठिकाणावर नव्हतं असं धरून चालू. म्हणजे मुलाला न्यायही मिळे आणि बापाची अब्रूही राही. ज्याच्यावर रागवायचं त्याची लाज राखून रागवायचं, ही सोय त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी केली होती. आम्ही झोपाळा उलगडताना एकमेकांची लाज तेवढी राखली नव्हती.

असो. हा क्वेरेला पुढे फ्रेंच लोकांच्या घरी राहिला आणि तिथून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजांकडे आला. आला तेव्हाही तो सभ्य माणूस होता. अर्थ तोच : तक्रार, तक्रारीचं कारण, कोर्टातलं म्हणणं. सोळाव्या शतकाच्या सुमाराला त्याची संगत बिघडली आणि तो हमरीतुमरीवर आला. पण जुन्या घरंदाजपणाची एक खूण अजून शिल्लक आहे. इंग्रज माणूस जेव्हा म्हणतो, 'अमक्याशी माझं क्वॉरल नाही', तेव्हा त्याला 'आम्ही भांडत नाही' असं म्हणायचं नसतं. 'त्याच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही' असं म्हणायचं असतं.

या अर्थाचा सगळ्यात गाजलेला उपयोग एका मुष्टियोद्ध्यानं केला. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायची वेळ महंमद अलीवर आली तेव्हा, १९६६ साली, तो म्हणाला की त्या व्हिएतकाँग लोकांशी माझं काही क्वॉरल नाही. १९६७ साली त्यानं भरती व्हायला नकार दिला. जगज्जेतेपद काढून घेण्यात आलं, पाच वर्षांची शिक्षा फर्मावली गेली, आणि अपील चालता चालता १९७१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ती रद्द केली. आता गंमत बघा. मारामारी हा ज्याचा रोजगार, ज्याच्या ठोशानं भले भले आडवे झाले, तो म्हणतो माझी तक्रार नाही, मग मी लढू कसा? म्हणजे लढाई वेगळी आणि क्वॉरल वेगळं. रिंगणात त्याची लढाई असे, क्वॉरल नसे. आणि माझ्या बाबतीत चौदा वर्षं लढाईचा पत्ता नव्हता, क्वॉरल मात्र शाबूत होतं.

तोवर रात्रीचे दोन वाजले होते. मोरीतला नळ ठिबकत होता. त्या ठिबकण्यावरून मला आपला घरचा शब्द आठवला : तक्रार.

हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणं. हिंदी-उर्दूत तकरार म्हणजे भांडण. एकाच शब्दानं दोन शेजाऱ्यांच्या घरी ही दोन रूपं घेतली आहेत. क्वेरेलानं हजार-दीड हजार वर्षांत जो प्रवास केला, तो आपल्याकडे महाराष्ट्राची हद्द ओलांडली की पुरा होतो. पण खरी मेख पुढेच आहे. मूळ अरबीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणंही नव्हे आणि भांडणही नव्हे. मूळ अर्थ आहे पुनरावृत्ती. पुन्हा पुन्हा म्हणणं.

हे वाचलं आणि मोरीतला नळ एकदम मोठ्यानं ठिबकू लागला.

त्या नळाचा इतिहास असा. सोमवारी सौ. म्हणाली, "अहो, नळाचा वायसर गेलाय वाटतं." हे नुसतं निवेदन होतं. मंगळवारी म्हणाली, "नळाचं बघता ना?" ही विनंती. गुरुवारी, "नळ!" रविवारी मात्र आभाळ फाटलं. "शंभरदा सांगितलं!" या वाक्यानं सुरुवात झाली, आणि त्यात नळाबरोबर माझं वाचन, माझे मित्र आणि तिच्या माहेरच्या एका लग्नातलं माझं वागणं इतकं सगळं वाहून आलं. तिचा पुरा ओघ ओसरल्यावर मी बँकेतल्या माणसाच्या काटेकोरपणानं म्हणालो, "शंभरदा नाही, फार तर चारदा." त्यानंतर जे झालं ते इथं सांगण्यासारखं नाही.

म्हणजे भांडण हे काही आकाशातून पडत नाही. ते सोमवारच्या तक्रारीची रविवारची आवृत्ती असतं. तक्रार पहिल्याच वेळी ऐकली गेली तर तिची पुन्हा 'तक्रार' व्हायला नको. अरबांना हे ठाऊक होतं, रोमनांना ठाऊक होतं, आमच्या सौभाग्यवतीला ठाऊक आहे. ठाऊक नव्हतं ते पेपर वाचणाऱ्यांना.

कोशात 'क्वॉरल'ची दुसरीही एक नोंद होती. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, कूळ मात्र वेगळं. हा दुसरा क्वॉरल 'चौकोनी' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला. अर्थ : बाण. साधा नव्हे. बंदुकीसारखा चाप ओढून सोडायचं जे आडवं धनुष्य युरोपात होतं, त्याचा आखूड, जाड, चौकोनी टोकाचा बाण. तक्रार आणि बाण ही दोन परकी माणसं इंग्रजांच्या वाड्यात एकाच नावानं राहतात, आणि टपालवाल्याचा गोंधळ होणं साहजिकच आहे. घरोघरी नेमकं तेच होतं. पाठवलेली असते तक्रार, पोचतो बाण.

आणि एकदा तर दोन्ही क्वॉरल एकाच वेळी पोचले. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, ज्याला सिंहहृदयी म्हणतात, तो ११९९ साली फ्रान्समधल्या एका लहानशा गढीला वेढा घालून बसला होता. तटावरून आलेला असा बाण त्याच्या खांद्याजवळ लागला आणि जखम चिघळली. रॉजर ऑफ हाउडन नावाच्या त्या काळच्या बखरकारानं पुढची हकीगत दिली आहे. गढी पडली, बाण मारणाऱ्याला पकडून राजापुढे उभं केलं. राजानं विचारलं, मी तुझं काय वाकडं केलं होतं? तो म्हणाला, माझ्या बापाला आणि दोन भावांना तू आपल्या हातानं मारलंस. राजानं त्याला क्षमा केली आणि वर शंभर शिलिंग देऊन सोडून द्यायला सांगितलं. राजा मेल्यावर मात्र त्याच्या सरदारानं त्या माणसाला हालहाल करून मारलं.

मी त्या हकीगतीपाशी बराच वेळ थांबलो. राजाला बाण लागला होता, पण त्यानं तक्रार ऐकून घेतली. सरदाराला काहीच लागलं नव्हतं आणि त्यानं काहीच ऐकलं नाही.

तर मग भांडावं की भांडू नये? आयुष्यभर मी दुसऱ्या पक्षाचा. 'यांचा आवाज कधी चढत नाही' असं कुणी म्हटलं की मला आपण निम्मे स्थितप्रज्ञ झाल्यासारखं वाटे. त्या रात्री प्रथमच शंका आली की हा शांतपणा नसून चिक्कूपणा असेल. भांडायला खर्च येतो. आपल्याला लागलं आहे हे कबूल करावं लागतं. समोरच्यानं आपलं ऐकावं अशी आपली इच्छा आहे, हेही त्याच्यासमोर उघडं पडतं. कोकणात देवापुढं जे मागणं मांडतात त्यालाही गाऱ्हाणंच म्हणतात. ज्याच्याकडून काही होण्याची आशा आहे त्याच्यापुढेच माणूस गाऱ्हाणं मांडतो. सौ. माझ्याशी नळावरून भांडते, याचा अर्थ चाळीस वर्षांनंतरही तिला माझ्याकडून आशा आहे. याला श्रद्धा नाही तर काय म्हणायचं?

तुम्ही म्हणाल, मग ऊठसूट भांडत सुटावं काय? तसंही नाही. 'क्वेरुलस' नावाचा एक इंग्रजी शब्द याच क्वेरेलाच्या कुळातला आहे. त्याचा अर्थ सदा कुरकुरणारा. असे लोक आपण पाहतो. त्यांना भाजीत मीठ कमी चालत नाही, जास्त चालत नाही, आणि बरोबर असलं तर त्यांची फारच पंचाईत होते. त्यांची तक्रार दूर केली तर त्यांच्याजवळ काही उरणारच नाही. मला वाटतं, तक्रार कुठली आणि बाण कुठला हे ओळखायची कसोटी इथंच आहे. समजा, समोरचा आत्ता या क्षणी म्हणाला, 'बाबा रे, चुकलं माझं', तर तुम्हाला कसं वाटेल? हायसं वाटलं तर ती तक्रार. आणि 'अरेच्चा, इतक्यातच?' असं वाटून हिरमोड झाला, तर तुम्ही बाण घेऊन आला होता.

मी ही कसोटी स्वतःला लावायचं ठरवलं. बँकेत तक्रारीचा फॉर्म असे. त्याच धर्तीवर एका कागदावर लिहिलं : तक्रारीचे स्वरूप, दिनांक, यापूर्वी किती वेळा कळविले. पहिल्या रकान्यात लिहिलं : झोपाळा. लिहिलं आणि वाचलं. समजा दादा म्हणाला, 'घेऊन जा ती फळी', तर? मला मुळीच हायसं वाटलं नसतं. आमच्या ब्लॉकमध्ये झोपाळा टांगायला जागा नाही. मी 'झोपाळा' खोडला. बराच वेळ पेन हातात धरून बसलो. मग लिहिलं : बाबांचं शेवटचं आहे हे तू मला वेळेवर कळवलं नाहीस. मी पोचलो तेव्हा सगळं झालं होतं.

'यापूर्वी किती वेळा कळविले' या रकान्यात शून्य लिहावं लागलं. हे वाक्य मी चौदा वर्षांत एकदाही उच्चारलं नव्हतं.

सकाळी मी सौ.ला म्हणालो, "वाईला जाऊन येतो." ती एवढंच म्हणाली, "कड्या काढून देऊ?" म्हटलं, "नको. आधी तक्रार."

स्वारगेटला गाडी धरली. खंबाटकीचा घाट येईपर्यंत माझं भाषण तयार होतं. सुरूर फाट्याला ते निम्मं विसरलो. वाईच्या स्टँडवर उतरलो तेव्हा फक्त कागद उरला होता, आणि चष्मा घरी राहिला होता.

दार दादानंच उघडलं. पार पांढरा झाला होता. दोघंही काही क्षण नुसते उभे. मग चौदा वर्षांतलं पहिलं वाक्य तो बोलला, "चहा घेणार ना?" वहिनींनी पाणी आणून ठेवलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या. माजघरात वरच्या तुळईला झोपाळ्याचे दोन आकडे तसेच लटकत होते.

मी म्हणालो, "दादा, तू मला वेळेवर कळवलं नाहीस."

काय, कधी, कशाबद्दल, असं त्यानं काहीच विचारलं नाही. म्हणजे तोही चौदा वर्षं त्याच जागी बसून होता. थोड्या वेळानं म्हणाला, "तीनदा फोन केला होता तुला. पहिल्यांदा सांगितलं, बाबांचं जेवण कमी झालंय, येऊन जा. दुसऱ्यांदा सांगितलं, तुझी आठवण काढतात. तिसऱ्यांदा नुसतं 'ये' म्हणालो. तू तिन्ही वेळा म्हणालास, मार्च एंडिंग झालं की येतो."

बाबा २९ मार्चला गेले.

ते तीन फोन माझ्या आठवणीत एकच होऊन बसले होते. आणि त्या एकातही मार्च एंडिंगचा भाग पुसट झाला होता. तरीपण मी म्हणालो, "अरे, पण सीरियस आहे असं कुठं म्हणालास?"

"फोन कुठं होता आपला? बाबांच्या खाटेशी. ते जागे असायचे. त्यांच्यासमोर कसं म्हणू?"

सौ.च्या नळाच्या बाबतीत चारदा की शंभरदा असा हिशेब घालणारा मी, या हिशेबापुढे गप्प झालो. माझी तक्रार शून्य वेळा सांगितलेली होती. त्याची तीनदा.

मग आम्ही भांडलो. चौदा वर्षांचं साठलेलं भांडलो. कुणी कुणाच्या मुंजीत काय केलं इथपर्यंत मागं गेलो. शेजारचे कुणीतरी दारातून डोकावून गेले. आवाज भलताच चढला तेव्हा वहिनी बाहेर आल्या, म्हणाल्या, "भावजी, जेवूनच जायचंय. मी भाताला आधण वाढवलंय," आणि परत आत गेल्या. पुढच्याच क्षणी दादा ओरडला, "तू कड्या नेल्यास!" मी ओरडलो, "तू फळी ठेवलीस!" आणि दोघांचीही नजर एकदम वरच्या आकड्यांकडे गेली.

सगळं मिटलं, असं मी लिहिणार नाही. आपण तिसऱ्या फोनला निघायला हवं होतं, हे मला आता कळतं, आणि ते कळण्यानं बाबा भेटत नाहीत. दादानं एकदा अंगणात जाऊन, शेजारून फोन करून, स्पष्ट सांगायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, आणि ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो, तेवढं करता आलं असतं." हे ऐकून मला हायसं वाटलं. तेव्हा ती तक्रारच होती, एवढी मात्र खात्री झाली. दिवाळीत कड्या घेऊन जायचं ठरलं आहे. फळीला वाळवी लागली आहे का, हे तो बघून ठेवणार आहे.

परत आल्यावर नातवाला बोलावून सांगितलं, "तुझं ते वाक्य चुकलंय. आम्ही भांडतो."

तो काळजीत पडला. "मग बाईंना चांदणी परत द्यायची?"

मी त्याला समजावून सांगणार होतो की लॅटिनमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ असा आहे, आणि अरबीत असा आहे. इतक्यात आतून आवाज आला, "अहो, नळ!"

मी हातातला पेपर खाली ठेवला आणि वायसर आणायला निघालो. नवा आठवडा चालू होता. आज फक्त मंगळवार होता.